बलुत्यापासून विम्यापर्यंत

ठेकेदारामार्फत कामाला लागणाऱ्या आमच्या तरुणांना पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला जातो. पीएफ आणि ईएसआय कापून पगार घ्यायचा, की काही न कापता रोख? कितीतरी पोरे रोख म्हणतात. मोटारसायकलचा हप्ता असतो, बहिणीचे लग्न असते, घरात आजारी माणूस असते. हातात चार पैसे जास्त पडले तर कोणाला नको आहेत? त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ठेकेदाराला असा प्रश्न विचारण्याचा कायद्याने अधिकारच नाही, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पण त्याहून मोठी गोष्टही त्यांना कोणी सांगितलेली नसते. पगारपत्रकातल्या ज्या रकान्यावर ते फुली मारतात, तो रकाना तिथे यावा म्हणून एका माणसाने आपल्या आयुष्याची कितीतरी वर्षे खर्ची घातली, आणि त्या माणसाचा फोटो त्यांच्या घरात भिंतीवर आहे.

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या व्यासपीठावरून आम्ही बाबासाहेब सांगतो ते चवदार तळ्याचे, काळाराम मंदिराचे, पुणे कराराचे, संविधानाचे आणि धम्मदीक्षेचे. ते सांगितलेच पाहिजे. परंतु जुलै १९४२ ते १९४६ चा मध्य या काळातले मजूरमंत्री बाबासाहेब एका वाक्यात संपतात. आणि ज्या अनुभवातून ते मजूरमंत्री घडले तो अनुभव तर सांगितलाच जात नाही. म्हणून आज त्यांचे चरित्र आम्ही या एका बाजूने मांडत आहोत.

सुरुवात पेन्शनपासून करावी लागेल. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. १८९१ मध्ये महूला भीमरावांचा जन्म झाला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत रामजी निवृत्त झाले. लष्कराने महारांची भरती बंद केली तोही याच सुमाराचा काळ. नव्या पिढीला दार बंद झाले होते, पण जो आत राहून निवृत्त झाला त्याची पेन्शन कोणा पाटलाच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. ती नियमाने यायची. सुभेदारांनी पुढे साताऱ्याकडे नोकरी केली, मुंबईला परळच्या चाळीत बिऱ्हाड केले, काटकसर केली, कर्ज काढले आणि मुलाला शिकवले. महारवाड्यातल्या शेकडो हुशार पोरांच्या घरी आणि या एका पोराच्या घरी फरक काय होता, याचा विचार केला तर बापाची विद्येची ओढ हे उत्तर पहिले. पण दर महिन्याला येणारी पेन्शन हेही उत्तर आहेच, आणि ते दडवण्याचे कारण नाही.

दुसरा अनुभव बडोद्याचा. शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. हुद्दा मोठा होता, पगार होता. राहायला घर मात्र नव्हते. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. कोलंबियाचा विद्वान एका झाडाखाली बसून रडला. नोकरी म्हणजे केवळ पगार नसतो. डोक्यावरचे छप्पर, आजारपणातली देखभाल, मुलांची शाळा हे सगळे मिळून नोकरी होते, आणि यातली एक कडी तुटली की मोठा पगारही माणसाला वाचवू शकत नाही. हे त्यांना कोणत्याही अर्थशास्त्राच्या ग्रंथाने शिकवण्याची गरज राहिली नाही.

आता वतनाकडे येऊ. पगाराव्यतिरिक्त मिळणाऱ्या मोबदल्याला आजच्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात मोठमोठी नावे आहेत. आमच्या वाडवडिलांचा तर सगळा मोबदलाच पगाराव्यतिरिक्त होता! इनामाचा एक तुकडा, सुगीला खळ्यावरचे बलुते, दारोदार मागून आणलेली भाकरी आणि मेलेल्या ढोरावरचा हक्क. या लाचारीला बावन्न हक्क असे भारदस्त नाव दिलेले होते. या बदल्यात येसकर-तराळाने गावची शीव राखायची, सांगावा न्यायचा, सरकारी सारा तालुक्याला पोहोचवायचा, आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे. कामाचे तास चोवीस. बाप गावात नसेल तर मुलाने हजर व्हायचे. नेमणुकीचा कागद नाही, रजा नाही, निवृत्ती नाही आणि राजीनामाही नाही, कारण जन्म हीच नेमणूक होती.

आमच्या कऱ्हाटीच्या माणसाला हे अधिक समजेल. जेजुरीकडून येणारी कऱ्हा सोनगावजवळ नीरेला मिळते तोपर्यंतचा हा सगळा अवर्षणाचा पट्टा. पाऊस हुकला की खळे होत नसे, आणि खळेच झाले नाही तर बलुते कशाचे? काम मात्र दुष्काळातही चुकत नव्हते. म्हणजे नफा गावाचा आणि जोखीम महाराची. पुढे १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, बारामती-इंदापुरात ऊस उभा राहिला, गुळाच्या ढेपा बाजारात जाऊ लागल्या. जमिनीचे भाव बदलले, पण खळ्यावर ओंजळ पसरून उभे राहण्याची रीत बदलली नाही.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. वकील म्हणून आम्हाला त्यातली रचना फार महत्त्वाची वाटते. ज्याला या चाकरीतून मोकळे व्हायचे असेल त्याने पूर्ण सारा भरून आपली जमीन ठेवावी. जो चाकरी करील त्याचे बलुते रोख पट्टीत बदलावे, ती पट्टी सरकारने सारा वसुलीबरोबर गोळा करावी आणि चाकराला सरकारच्या हातून पैसे मिळावेत. म्हणजे खळ्यावर उभे राहणे संपले. मागणारा आणि देणारा यांच्यामध्ये वहीखाते आले. एवढीच मागणी होती. तीसुद्धा सहन झाली नाही. सरकारला खर्च नको होता आणि गावाला फुकटचा नोकर सोडवत नव्हता. निवड समितीत विधेयकाचा जीवच काढून घेतला गेला आणि बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले. १९३७ मध्ये त्यांनी हा प्रश्न पुन्हा आणला. आपल्यातलेही काही वतनदार तेव्हा वतनाला चिकटून होते, हे कटू असले तरी सत्य आहे. गुलामीलाही मिरास समजण्याची सवय लागते.

त्याच १९२८ च्या जुलै महिन्यात, त्याच कौन्सिलात, गिरणी-कारखान्यातल्या स्त्रियांना प्रसूतीच्या काळात भत्ता देणारे विधेयक चर्चेला होते. बाबासाहेबांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. त्यांचा युक्तिवाद भावनेचा नव्हता, हिशेबाचा होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलावा हे त्यांना मान्य होते. परंतु त्या बाईच्या श्रमावर ज्याचा कारखाना चालतो, त्या मालकाला जबाबदारीतून पूर्ण मोकळे करता येणार नाही, असे त्यांनी ठामपणे मांडले. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. तो देशातला या प्रकारचा पहिला कायदा.

आता येथे वाचकांनी जरा थांबावे. एकाच वर्षी हा माणूस महारासाठी म्हणतो की धान्य नको, रोख द्या. आणि गिरणीतल्या बाईसाठी म्हणतो की नुसती मजुरी पुरे नाही, मजुरीपलीकडचेही द्या. यात विसंगती आहे काय? आम्हाला तशी वाटत नाही. बलुते कोणाच्या तरी मर्जीने मिळत होते आणि मर्जी गेली की बंद होत होते. बहिष्काराचे पहिले हत्यार बलुते बंद करणे हेच असायचे. प्रसूतिभत्ता मात्र कायद्यात लिहिलेला, मोजता येणारा आणि मिळाला नाही तर दाद मागता येणारा होता. धान्य की पैसा हा वाद दुय्यम होता. ज्याला देणे लागते तो नाही म्हणू शकतो काय, हा बाबासाहेबांचा खरा प्रश्न होता. तो एकदा समजला की पुढची अठरा वर्षे सरळ रेषेत दिसू लागतात.

या काळात ते राहत होते कोठे? परळच्या बीआयटी चाळीत, दोन खोल्यांत, गिरणी कामगारांच्या शेजारी. १९१२ पासून १९३४ पर्यंत. भोंगा, पाळी, खाडा, सावकार हे शब्द त्यांनी शेजारच्या खोलीतून ऐकलेले होते. १९२८ च्या मोठ्या संपात कम्युनिस्ट पुढारी मजुरांच्या मागण्या घेऊन उभे राहिले. तेव्हा बाबासाहेबांनी विचारले की जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश का नाही? तुटलेला धागा तोंडाच्या ओलाव्याने जोडावा लागतो आणि तिथे विटाळ आडवा येतो, हे कारण कामगारच सांगत होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली तेव्हा तर त्यांनी फारच बारीक गोष्ट दाखवून दिली. आपला माणूस जन्मभर गँगमन का राहतो, त्याला पोर्टर का करत नाहीत? कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरातली कामेही करून घेत असे, आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नव्हता. म्हणजे स्टेशनमास्तरची न लिहिलेली सवलत आमच्या माणसाची बढती खात होती. कामगाराचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ही त्यांची प्रसिद्ध मांडणी याच परिषदेतली. ती मांडणी सगळे सांगतात. तिच्यामागचा हा पोर्टर कोणी सांगत नाही.

१९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात कामाचे तास, पगारी रजा आणि कामगारांसाठी आरोग्यदायी घरे ही आश्वासने होती. १९३८ च्या औद्योगिक तंटा विधेयकाने संपाच्या हक्कावर घाला घातला तेव्हा ७ नोव्हेंबरच्या संपात ते अग्रभागी होते. ज्या माणसाला काम थांबवण्याचा हक्क नाही तो गुलाम, हे वतनदाराच्या मुलाला कोणी सांगावे?

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे आले आणि पुढच्याच महिन्यात, ७ ऑगस्टला, दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद बसली. मजूर धोरण ठरवताना मजूर समोर बसलेला असला पाहिजे, हे यातून कायमचे रूढ झाले. मार्च १९४३ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे देण्यात आले. युद्ध पेटलेले असताना अडारकरांनी १५ ऑगस्ट १९४४ ला अहवाल सादर केला. कामगाराने थोडे, मालकाने अधिक घालायचे आणि आजारी पडल्यावर कामगाराने कोणाच्या पाया न पडता औषध आणि भत्ता घ्यायचा, हा त्याचा गाभा. जुलै २०१९ पासून कामगाराकडून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के घेतले जातात. रोख मागणाऱ्या पोराला आम्ही हेच सांगतो, की बाबा, तू पाऊण टक्का वाचवत नाहीस, तू मालकाचे सव्वातीन टक्के त्याला परत करतोस. पीएफमध्ये तर तुझ्या कपातीबरोबर मालकालाही आपला वाटा भरावा लागतो.

फेब्रुवारी १९४४ मध्ये कामगारांची प्रत्यक्ष स्थिती तपासायला डी. व्ही. रेगे यांची समिती नेमली गेली. १९४५ मध्ये बारमाही कारखान्यातल्या कामगारांना वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा कायद्याने मिळाली. १९४६ मध्ये स्थायी आदेशांचा कायदा झाला. म्हणजे कामाचे तास, रजा, पगाराचा दिवस, काढून टाकण्याची पद्धत हे सगळे लिहून लावले पाहिजे. ज्याच्या बापजाद्यांच्या नोकरीचा एक कागद नव्हता त्याने हा कायदा आणावा, यात आम्हाला इतिहासाचा न्याय दिसतो. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये किमान वेतनाचे विधेयक त्यांनी मांडले. कारखाना कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले.

येथे एक स्पष्टीकरण. कामगारांचे सगळेच कायदे बाबासाहेबांनी केले अशी यादी मोबाईलवर फिरत असते. पीएफचा कायदा १९५२ चा, ग्रॅच्युइटीचा १९७२ चा. ईएसआयचा कायदा १९४८ मध्ये संमत झाला तेव्हा मजूरमंत्री जगजीवनराम होते. पाया कोणी घातला हे सांगायला खोट्या याद्यांची गरज नाही, उलट एक चूक सापडली की विरोधक सगळेच खोटे ठरवतात.

टीकाही सांगितली पाहिजे. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम करण्यावरची बंदी उठवली गेली. स्त्री संघटनांनी झोड उठवली, आणि मजूरमंत्री म्हणून सभागृहात त्याचे समर्थन बाबासाहेबांनाच करावे लागले. निर्णय आम्हाला आजही पटत नाही. पण त्यानंतर काय झाले तेही पाहावे. डिसेंबर १९४३ मध्ये ते झरिया-राणीगंज पट्ट्यात गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांच्या खोपट्यांत शिरून पाहिले. ३१ जानेवारी १९४४ ला कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टनावर उपकर, आणि त्या पैशातून मजुरांची घरे, पाणी, दवाखाने, शिक्षण. खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात दुरुस्त्या झाल्या आणि १९४६ च्या सुरुवातीला बंदी पुन्हा लागू झाली. अभ्रक खाणींसाठीही १९४६ मध्ये असाच निधी उभा राहिला.

टनावर उपकर! हे शब्द बारामती-इंदापूरच्या वाचकाने नीट वाचावेत, कारण आपल्याकडेही सगळा हिशेब टनावरच चालतो. मात्र आपल्या भागाचे दुर्दैव एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे हंगामी. १९३४ च्या कारखाना कायद्याने साखर कारखाने हंगामी ठरवले होते. त्यामुळे १९४६ मध्ये इतर कामगारांचे तास ४८ झाले, हंगामी कामगारांचे ६० वरून ५० वरच थांबले. पगारी रजेचे प्रकरण हंगामी कारखान्यांना लागूच नव्हते. १९४८ च्या ईएसआय कायद्यानेही त्यांना वगळले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ईएसआयच्या बाबतीत हंगामी कारखाना बाहेरच आहे. वालचंदनगरला कारखान्याभोवती १९३० च्या दशकापासून वसाहत उभी राहिली, शाळा आली, दवाखाना आला. पुढे सहकारी कारखाने आले, कायम कामगारांना पीएफ, ग्रॅच्युइटी, हंगाम नसतानाचा भत्ता मिळू लागला. कामगारांनी हे झगडून मिळवले, आम्ही ते नाकारत नाही. हे सगळे कारखान्याच्या दाराच्या आत घडले.

संविधानात बाबासाहेबांनी वेठबिगारीला २३ व्या कलमाने बंदी घातली. कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती आणि प्रसूतीसाठी साहाय्य हे ४२ व्या कलमात आले. फरक एवढाच की २३ वे कलम घेऊन कोर्टात जाता येते, ४२ वे मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने सरकारच्या सदसद्विवेकावर राहते. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. २४ फेब्रुवारी १९५२ ला ईएसआय योजना कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली तेव्हा ते सरकारात नव्हते. ६ डिसेंबर १९५६ ला महापरिनिर्वाण झाले, आणि ज्या वतनाविरुद्ध त्यांनी १९२८ पासून झुंज दिली ते वतन १९५८ च्या कायद्याने गेले. तीस वर्षे लागली, आणि तो दिवस त्यांना पाहता आला नाही.

बलुते गेले. आता कारखान्याच्या दाराबाहेर, फडात काय चालते ते पाहू. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मोकळीक नाही. मजुरी टनावर. वरकड म्हणून बैलांना वाढे आणि कालव्याच्या कडेला कोपी घालायला जागा. एक दिवस अंग टाकले तर खाडा, आणि खाड्याचा दंड. १९४५ मध्ये कायद्याने रजेचा पगार दिला, येथे रजेचा दंड आहे. खाडा परवडत नाही म्हणून बायका गर्भाशय काढून टाकतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. यात आमच्या समाजाच्या, वंजारी, मराठा, बंजारा सगळ्याच समाजांच्या बाया आहेत.

ऊसतोड कामगारांसाठी राज्याने महामंडळ स्थापन केले, आणि उसाच्या टनामागे कारखान्यांनी दहा रुपये व तेवढेच सरकारने द्यायचे असे ठरले. कोळशाच्या टनावर १९४४ मध्ये जे झाले ते उसाच्या टनावर यायला पाऊणशे वर्षांहून जास्त लागली. ग्रामसेवकाकडून ओळखपत्रे देण्याचीही तजवीज झाली. पण निधी म्हणजे योजना, आणि योजनेचा पैसा अर्ज केल्यावर मिळतो. फडात बाळंत होणाऱ्या बाईला मालकाकडून प्रसूतिलाभ मागायचा असेल तर आधी मालक दाखवावा लागतो. मुकादम म्हणतो, मी फक्त माणसे आणली, ऊस कारखान्याचा. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी, या बाईचे नाव आमच्या हजेरीपटावर नाही. आणि बाईच्या मजुरीचा हिशेबही तिच्या नावाने होत नाही, कारण कोयता नवऱ्याच्या नावावर लिहिलेला असतो. ठेकेदाराने बुडवले तर मूळ मालक जबाबदार, हे कंत्राटी कामगारांच्या कायद्यातले तत्त्व १९७० पासून आहे. ते फडापर्यंत न्यायचे तर पहिला पुरावा लागतो तिच्या स्वतःच्या नावाने लिहिलेल्या एका हजेरीचा. आम्ही ज्या ज्या कोपीवर गेलो तेथे तो कागद मागितला. अजून कोणाकडे तो निघालेला नाही.